अकरा दावे वाचलेला चष्मा

मी चष्मा आहे. जवळचा. जवळचा म्हणजे कुणाचा नातलग नव्हे, जवळचं दिसावं म्हणून केलेला. हातभर अंतरातलं मला कापसाच्या तंतूपर्यंत दिसतं. त्यापलीकडचं जग माझ्या काचांत विरघळून जातं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यातले फार महत्त्वाचे चेहरे मला नीट दिसलेच नाहीत. कागद मात्र सगळे दिसले. अक्षर न् अक्षर.

माझा जन्म एका चष्मेवाल्याच्या दुकानात, काचा घासायच्या चाकावर झाला. फ्रेम तपकिरी, साधी, सगळ्यात खालच्या फळीवरची. मला घ्यायला आलेल्या बाईंनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पर्समधून सुईदोरा काढला, मला नाकावर चढवलं आणि एका दमात दोरा ओवला.

"बाप रे, इतक्या बारीक सुईत?" चष्मेवाला म्हणाला.

"ही जाडी आहे," बाई म्हणाल्या. "बारीक घरी आहे."

त्या रफूवाल्या मावशी. गिऱ्हाइकं त्यांना याच नावाने हाक मारत, मीही तेच म्हणतो. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावं, एवढंसं. शेजारी लाँड्री होती. कपड्याला भोक दिसलं की लाँड्रीवाले भाऊ गिऱ्हाइकाला इकडे पिटाळायचे. मावशींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी एक लेक, कॉलेजात शिकणारी. संध्याकाळी ती दुकानात येऊन पावत्या लिहायची, कारण तिच्या मते आईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

मावशींचं काम मी रोज नाकावर बसून पाहायचो. कपड्याच्या आतल्या शिवणीत दडलेली पट्टी असते ना, तिच्यातूनच त्या धागे उपसायच्या. मग भोकावर आधी उभे धागे ताणायचे, मग आडवे, एक वर, एक खाली. त्याच कपड्याचा धागा, तीच वीण. संपल्यावर त्या बोटाने जागा चाचपायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "गेलं." भोक गेलं, म्हणजे काम झालं. दुकानावर पाटी होती: "रफू. दिसणार नाही."

तिसऱ्या वर्षी एक गृहस्थ राखाडी लोकरी कोट घेऊन आले. कुठल्याशा कचेरीतल्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले. कोटाची बाही खिळ्यात अडकून कोपराच्या वर फाटली होती, वाटाण्याएवढी. मावशींनी त्यावर चार दिवस घालवले. मी साक्षीला आहे, इतकं सुंदर काम त्यांच्या हातून त्याआधी झालं नव्हतं.

साहेब कोट न्यायला आले. बाही उलटीसुलटी करून पाहिली. उजेडात नेऊन पाहिली.

"भोक कुठे आहे?"

"बुजवलं ना, साहेब."

"कुठे बुजवलं? दाखवा."

मावशींनी बोट ठेवलं. साहेब वाकले. "इथे तर काहीच नाही."

"तेच तर आमचं काम," मावशी म्हणाल्या. त्यांचे गाल आनंदाने वर आले आणि मी नाकावर जरा उचलला गेलो.

साहेबांनी कोट टेबलावर ठेवला. "हा माझा कोट नाही. माझ्या कोटाला भोक होतं."

मावशींना वाटलं, थट्टा करतायत. त्या हसल्या. ते हसणं पुढे पहिल्या दाव्यात सहाव्या परिच्छेदात आलं: "प्रतिवादी वादीस उद्देशून उपहासाने हसली."

समन्स घेऊन बेलिफ आला, तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. त्याने सही मागितली. मावशींनी सही केली आणि मग कागद वाचला. माझ्या काचांतून पहिल्यांदाच धाग्यांऐवजी असल्या ओळी जात होत्या. वादी, प्रतिवादी, फसवणूक, अदलाबदल. स्वतःचं नाव "प्रतिवादी" या शब्दापुढे छापलेलं पाहून मावशींनी मला काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. नाव तिथेच होतं.

तो दावा चौदा महिने चालला. लाँड्रीवाले भाऊ साक्षीला आले आणि म्हणाले, "कोट हाच. मीच पाठवला होता रफूला." शेवटी छोट्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी मावशींना सांगितलं, तुमचं रफू तुम्हीच दाखवा. भर कोर्टात मावशींनी बाहीचं अस्तर उसवलं. उलट्या बाजूने वीण किंचित दाट लागते. आतल्या शिवणीची पट्टीही दाखवली, जिथून धागे उपसल्यामुळे कापड विरळ झालं होतं. त्यांना घाम सुटला होता आणि मी नाकावरून सारखा घसरत होतो. पण त्यांनी दाखवलं. दावा फेटाळला गेला. कोट घेऊन जा, असं साहेबांना सांगण्यात आलं.

आम्हाला वाटलं, सुटलो. मावशींनी त्या संध्याकाळी लाँड्रीवाल्यांना आणि लेकीला चहा पाजला. भाऊ म्हणाले, "जन्मात कोर्टाची पायरी चढलो नव्हतो हो मी. पण झालं एकदाचं."

कसलं झालं! दीड महिन्यात दुसरा दावा आला. कोर्टात खोटा पुरावा दिला म्हणून. त्यात मावशी प्रतिवादी क्रमांक एक आणि लाँड्रीवाले भाऊ क्रमांक दोन. तिसरा दावा पाटीविरुद्ध होता. "दिसणार नाही" असं लिहिणं म्हणजे लोकांची दिशाभूल, कारण जे दिसत नाही ते केलं की नाही हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? मावशींच्या वकिलांनी हे मोठ्याने वाचलं आणि खो खो हसले. चौथ्या दाव्यात ते स्वतःच प्रतिवादी होते. त्यांनी हसणं थांबवलं आणि लवकरच मावशींचं काम सोडलं.

हे साहेब आरडाओरडा करणारे, शिवीगाळ करणारे असतील असं तुम्हाला वाटेल. तसं मुळीच नव्हतं. कोर्टाच्या आवारात दिसले तर ते मावशींना नमस्कार करायचे. वकील ठेवायचे नाहीत, स्वतःच उभे राहायचे. त्यांच्या फाइलींना रंगीत दोऱ्या असायच्या आणि प्रत्येक पानावर सुबक आकडा. आवक क्रमांक पडला की कागदाला उत्तर द्यावंच लागतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या पत्रांना कोणी उत्तर देत नव्हतं. कोर्टातून मात्र उत्तर येत होतं. दर वेळी "फेटाळला" असं का होईना, पण येत होतं. हा माझा आपला अंदाज. माणसांच्या आतलं दिसायला लागणारा नंबर माझ्या काचांत नाही.

मावशींच्या दुकानात मात्र काय होत होतं, ते मी हातभर अंतरावरून पाहिलं. साडेअकराच्या सुमारास जिन्यावर बूट वाजले की सुई थांबायची. पावलं वर निघून गेली तरी ती बराच वेळ हलायची नाही. पूर्वी एका दमात ओवला जाणारा दोरा आता तीन-चार वेळा चुकायचा. एकदा तर त्यांनी एका शालीवर स्वतःच्या बोटातलं रक्त सांडलं आणि सगळी दुपार ते डाग काढण्यात गेली. ती शाल एका म्हाताऱ्या आजींची होती. आजी न्यायला आल्या, पण आणखी दोन कपडे आणले होते ते पिशवीतून बाहेरच काढले नाहीत.

"राग मानू नकोस गं," आजी म्हणाल्या. "तुझं काम लाखात एक. पण माझं नाव नको कुठे यायला. या वयात कोर्टाच्या पायऱ्या नाही चढवत."

लाँड्रीवाले भाऊ गिऱ्हाइकं पाठवेनासे झाले. समोरासमोर आले तर "काय, बरंय ना?" म्हणायचे आणि उत्तराची वाट न पाहता इस्त्रीकडे वळायचे. मावशी त्यांना दोष देत नव्हत्या. त्यांच्याही घरी चार समन्स आली होती.

पहिल्या दाव्यापासून सहाव्या वर्षी दाव्यांचा आकडा अकरावर गेला. एक इथे, दोन पलीकडच्या कोर्टात, कधी अपील, कधी तेच गाऱ्हाणं नव्या शब्दांत. दोन कोर्टांत एकाच दिवशी तारीख पडली तर मावशी एका ठिकाणी धावत आणि दुसऱ्या ठिकाणी गैरहजर ठरत. मग ती गैरहजेरी निस्तरायला वेगळा अर्ज. अकराव्या दाव्यात लेक प्रतिवादी झाली. का, तर पहिली पावती तिच्या हस्ताक्षरात होती.

लेक तोवर शिकून रक्त तपासण्याच्या कामात तयार झाली होती. एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिने अर्ज केला. तो फॉर्म तिने आईसमोर ठेवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. मी वाचलं: "आपल्याविरुद्ध कोणतेही न्यायालयीन प्रकरण प्रलंबित आहे काय?"

"काय लिहू?" लेक म्हणाली.

"खरं ते लिही."

तिने "होय" लिहिलं. खाली दोन ओळींची जागा होती, त्यात तिने कोटाची सगळी हकिगत बसवायचा प्रयत्न केला. बसली नाही. मुलाखतीत त्यांनी तेवढंच विचारलं, बाकी काही नाही. नोकरी दुसऱ्या कुणालातरी मिळाली.

घरी येऊन लेक स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, एक सांगू? कबूल करून टाक. कोट बदलला होता म्हण. माफी माग आणि सोडव आपल्याला."

"मी बदलला नाही गं."

"मला माहितीय! मला नाही का माहीत? पण कुणाला पडलंय त्याचं?"

माझ्या काचांवर आतून धुकं चढलं. मला वाटलं वाफ असेल. चुलीवर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि कोऱ्या कागदावर, आपल्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात, लिहिलं: "मी कोट बदलला. माझी चूक झाली." ते वाक्य मला फार जवळून वाचावं लागलं. इतकी वर्षं मी त्यांचे डोळे होतो, पण तेव्हा फुटून जावंसं वाटलं.

तो कागद घेऊन त्या साहेबांच्या घरी गेल्या. लाँड्रीवाले भाऊ, कोण जाणे का, "एकट्या नका जाऊ" म्हणत मागोमाग आले. साहेबांनी दार उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. खोलीत भिंतभर फाइली होत्या. बसायला दोन खुर्च्या होत्या. एकीवरच्या फाइली त्यांनी नीट उचलून ठेवल्या.

मावशी चाचरत म्हणाल्या, "साहेब, मी मान्य करते. कोट बदलला गेला असेल. आता मिटवा हे. माझ्या मुलीचं आयुष्य आहे."

साहेबांनी मान डोलावली. रागाचा लवलेश नव्हता. "तोंडी उपयोग नाही. लेखी आणलंय का?"

मावशींनी पर्सवरचा हात हलवला नाही. "आणलं असलं तर?"

"मग चांगलंच. ते जोडून पहिला निकाल रद्द करून घेता येईल. खोटी साक्ष दिल्याबद्दल यांच्यावर," त्यांनी लाँड्रीवाल्यांकडे पाहिलं, "वेगळी कारवाई. मुलीचाही संबंध स्पष्ट होईल. सगळं रीतसर करू. घाई नाही."

घाई नाही! भाऊंनी पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला. मावशी उठल्या. जिना उतरताना त्यांनी तो कागद फाडला, मग तुकडे फाडले, मग तुकड्यांचे तुकडे. एवढे बारीक, की जगातल्या कुठल्याही रफूवालीला ते जोडता येऊ नयेत.

"यांना माफी नकोय," त्या म्हणाल्या. "यांना पुढचा कागद हवाय."

त्या दिवसापासून भाऊ पुन्हा मावशींशी बोलायला लागले. त्यांनीच एक वकीलबाई शोधून काढल्या. वयाने लहान, चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. त्यांनी सगळे कागद दुकानाच्या टेबलावर पसरले आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आजवर प्रत्येक दाव्याला वेगळं उत्तर देत बसलात. प्रत्येक न्यायाधीशाला वाटलं, हा एकच दावा आहे. अकराही एका कागदावर कुणी दाखवलेत का?"

नव्हते दाखवले. मग तो तक्ता तयार झाला. दावा कुठल्या कोर्टात, मागणी काय, आधीच्या कुठल्या दाव्यात हीच मागणी होती, निकाल काय. तीन दुपारी मावशी कागद वाचून सांगत होत्या आणि लेक लिहीत होती. शेवटच्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द उतरत गेला: फेटाळला, फेटाळला, फेटाळला. चालू असलेल्या दोन दाव्यांपुढे फक्त रेघ होती.

"विनाकारण, छळण्यासाठी पुन्हा पुन्हा दावे लावणाऱ्याला आवर घालता येतो," वकीलबाई म्हणाल्या. "पण ते वरच्या कोर्टात. आणि अर्ज सरकारी वकिलांच्या मार्फत जावा लागतो. धीर धरा."

धीर धरायला आठ महिने लागले. सरकारी वकिलांच्या कचेरीत वकीलबाई इतक्या वेळा गेल्या की तिथला शिपाई त्यांना पाहून न सांगताच खुर्ची पुढे करायचा. त्या आठ महिन्यांत मावशींना एकच भीती: वरच्या कोर्टानेही आपला अर्ज फेटाळला तर? मग आपल्याच तक्त्यात बारावी ओळ आपली.

सुनावणीच्या दिवशी मला समोर नुसता एक काळा-पांढरा डाग दिसत होता. त्या न्यायमूर्ती होत्या. आवाजावरून कळलं, बाई आहेत आणि कागद वाचून आल्या आहेत.

"तुमचं गाऱ्हाणं मला एका वाक्यात सांगा," त्या साहेबांना म्हणाल्या.

"परिच्छेद सत्तावीस ते चौतीस पाहावेत."

"पाहिलेत. तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्हाला नक्की काय हवंय?"

साहेबांनी पानं उलटली. बराच वेळ उलटली. "परिच्छेद सत्तावीस," ते पुन्हा म्हणाले, पण आवाज बारीक झाला होता.

"कोट कुठे आहे आता?"

"पहिल्या कोर्टात पडून आहे."

"पहिल्या निकालातच तुम्हाला तो न्यायला सांगितलं होतं. का नेला नाही?"

"नेला असता तर तो माझा आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायमूर्तींनी तिकडे पाहिलं असावं, कारण हसणं लगेच थांबलं. मावशी हसल्या नाहीत. हसण्याचं काय होतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

निकाल सांगताना न्यायमूर्ती सावकाश बोलल्या. "न्याय मागायला आलेल्या माणसाला दारात अडवणं आम्हाला आवडत नाही. उद्या खरंच याच्यावर अन्याय झाला, तर यालाही इथे येता आलं पाहिजे. म्हणून दार बंद करत नाही. पण याच दारातून निघून हा माणूस सात वर्षं दुसऱ्यांच्या घरात शिरतोय. ते थांबलं पाहिजे." मग आदेश झाला. यापुढे या साहेबांना कुठल्याही कोर्टात दावा लावायचा असेल, तर आधी न्यायाधीशांची परवानगी घ्यायची. त्यात तथ्य दिसलं तरच तो दाखल होईल, तोवर समोरच्याला समन्सही जाणार नाही. चालू असलेले दोन दावे रद्द.

मावशींच्या हाताला लेकीचा हात लागला. दोघींचेही हात गार होते.

बाहेर पडताना साहेब कारकुनाच्या टेबलाशी उभे होते. ते अदबीने विचारत होते, "परवानगीचा अर्ज कोणत्या खिडकीत द्यायचा?"

मावशींचं पाऊल जागच्या जागी थांबलं. "ऐकलंत?" त्या वकीलबाईंना म्हणाल्या. "पुन्हा सुरू."

"करू दे," वकीलबाई म्हणाल्या. "तो अर्ज करेल, न्यायाधीश वाचतील, नाकारतील. तुमच्या दारापर्यंत काही येणार नाही."

"मग मला कळणार कसं?"

"नाही कळणार, मावशी. त्यासाठीच तर भांडलो."

याला आता दोन वर्षं झाली. लेकीला नोकरी लागली, त्या इस्पितळात नाही, दुसरीकडे. तिथल्या फॉर्मवरही तोच रकाना होता. तिने "नाही" लिहिलं आणि आईला फोन करून नुसतं "नाही लिहिलं" एवढंच सांगितलं. गिऱ्हाइकं थोडी परतली, थोडी नाही. साडेअकराला जिन्यावर बूट वाजले की मावशींची सुई अजून थांबते. पूर्वीइतका वेळ नाही, पण थांबते. मध्यंतरी विजेचं बिल आलं तर त्यांनी ते मागच्या बारीक अक्षरांसकट दोनदा वाचलं.

त्यांचा नंबर वाढला होता. गेल्या महिन्यात नवा चष्मा केला. हलका आहे, काचा स्वच्छ आहेत. तो कपड्यांवरून फिरत असतो या विचाराने मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? मला टाकून द्यावं असं लेकीचं मत होतं. मावशी म्हणाल्या, "नको. राहू दे. कोर्टाचा कागद आलाच तर याने वाचेन. नव्याला त्यात नाही घालायचा."

म्हणून मी आता टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतो, मऊ फडक्यात गुंडाळलेला. एका दांडीचा स्क्रू ढिला झालाय, डाव्या काचेवर चरा आहे. आमच्या जातीतला कोणीही हेच मागेल की मला कुणीतरी नाकावर चढवावं. माझं मागणं उलटं आहे. मला कुणी बाहेर काढू नये. आणि तुम्हाला एक विनंती: कुणाच्या दारी कागद धाडण्याचा तुमचा हक्क कुणी काढून घेऊ नये, पण सही करण्याआधी क्षणभर त्या दाराच्या आत पाहा. तिथे कुणीतरी हातातलं काम थांबवून बसलेलं असतं.

आत्ता ड्रॉवर उघडला. उजेड आला. मावशींची बोटं माझ्यावरून गेली, फडक्याला लागली, पुढे सरकली. त्यांनी कात्री उचलली.

ड्रॉवर बंद झाला. आज नाही.